न धुतलेली पाटी

नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर चंद्रावरून दर तासाला एकच आकडा यायचा. तेवीस दिवसांपूर्वी तो ५.०० होता. आज सकाळी ४.७१ आला आणि मंदाकिनीबाई तोरसकरांना घरून बोलावून घ्यावं लागलं, कारण आकडा पाठवणाऱ्या पेटीतला उतारक त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधला होता.

उतारक म्हणजे अठ्ठावीस व्होल्टचे पाच व्होल्ट करून देणारं यंत्र. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ एका निवारा-कुटीत तो बसवला होता. तेवीस दिवसांपूर्वी कुटीवर दरड कोसळली, संपर्काच्या तारा तुटल्या, आणि आत एकटाच असलेला यंत्रज्ञ इब्राहिम मुकादम गेला असं सगळ्यांनी गृहीत धरलं. शाबूत राहिला तो आणीबाणीचा प्रेषक. त्याला स्वतःचा विद्युतदाब सांगण्यापलीकडे काही येत नव्हतं, आणि इथून दिलेली एकच आज्ञा तो पाळू शकत होता, कुटीची हवा सोडणारी झडप उघडण्याची. पण येणारं मालवाहू यान त्याच्याच खुणेवर उतरणार होतं. दाब ४.६५च्या खाली गेला की प्रेषक बंद.

"कपॅसिटर म्हातारा झाला असणार," मोहिमेचे प्रमुख डॉ. चिटणीस म्हणाले.

"दुखणं रेड्याला नि डाग पखालीला, साहेब. कपॅसिटर गेला असता तर आकडा वरखाली नाचला असता. हा मुकाट घसरतोय. सर्किटच्या पाटीवर ओल आली आहे." मंदाकिनीबाईंनी कागदावर दोन चौकोन काढले. "हे दोन रोधक, रेझिस्टर. त्यांच्या मधला दाब पाहून उतारक ठरवतो, बाहेर किती व्होल्ट जातायत. वरच्या रोधकाशेजारी विजेला ओलीतून चोरवाट मिळाली, की उतारकाला वाटतं फार जातंय. मग तो आपला प्रामाणिकपणे कमी करत बसतो."

चिटणीसांचा चेहरा उजळला. "मग सोपं आहे. झडप उघडू. हवा निघून गेली की पाटी खडखडीत वाळेल."

त्यांचा हात बटणाकडे गेला आणि बाईंनी तो मनगटाशी धरला.

"थांबा. ओल आली कुठून?"

"टाकी फुटली असेल."

बाईंनी तेवीस दिवसांचे आकडे चार दशांशांपर्यंत पडद्यावर ओळीने मांडले. सोळा तास घसरण, मग आठ तास जागच्या जागी, पुन्हा सोळा तास घसरण. "टाकी झोपत नाही, साहेब. माणूस झोपतो. कुटीच्या दुसऱ्या टोकाला, झोपायच्या पिशवीत शिरून. जागा असला की पेटीपाशी येऊन बसतो, कारण तिथे दिवा आहे. हा इब्राहिमचा श्वास आहे."

चिटणीस बटणापासून मागे सरले. मग म्हणाले, "पण धुतलेल्या पाटीवर ओलीने काही होत नाही. कथिलाचा डाग देताना लावलेली राळ राहिली, तरच ती ओल धरते. हे तुम्हीच सगळ्यांना शिकवलंत."

"ही पाटी मी धुतली नव्हती."

चौतीस वर्षांत न धुता गेलेली ती एकच पाटी. इब्राहिम अकरा वर्षं शेजारच्या टेबलावर काम करायचा. चंद्रावर निघण्याच्या आदल्या दिवशी दारात उभा राहून म्हणाला, "बाई, चहा निवतोय. उद्यापासून तुम्हाला कोण बोलवणार आहे?" आल्यावर धुवू म्हणून त्या उठल्या. परतल्या तर पाटी पेटीत बंद होऊन गेली होती, आणि 'धुतली' या रकान्यापुढे त्यांनी सही ठोकली. घरी वाट पाहणारं कुणी नसलेल्या बाईला त्या दिवशी तो चहा पाटीपेक्षा मोठा वाटला. हे सगळं आता आठ माणसांसमोर सांगावं लागलं.

"चौकशी होईल, बाई."

"होऊ द्या. झडप उघडू नका."

चंद्रावरच्या मुख्य तळावरून सुटकेची बग्गी त्याच दुपारी निघाली. वाट नऊ दिवसांची होती. बाईंनी सगळ्यांना समजावून सांगितलं, कुटीच्या भिंती गोठलेल्या आहेत. श्वास थांबला तर ओल भिंतींवर बर्फ होऊन बसेल, पाटी वाळेल आणि आकडा चढेल. घसरतोय तोवर माणूस जिवंत आहे. पण असाच घसरत राहिला तर बग्गी पोचायच्या आधीच प्रेषक बंद पडेल.

चौकशी लागून निलंबित झालेल्या बाईंना मागे पाहुण्यांच्या खुर्चीवर बसायची परवानगी मिळाली. तिसऱ्या दिवशी ४.६८ वर आकडा थबकला. चौथ्या सकाळी ४.६९ झाला. कुणीतरी सवयीने टाळी वाजवली आणि ओशाळून हात खाली घेतले. बाई स्वच्छतागृहात जाऊन तोंडात पदर कोंबून रडल्या. आजारी असेल, उठवत नसेल, असं त्या स्वतःला सांगत राहिल्या. दुपारी पुन्हा ४.६८ आला. दुसऱ्या दिवशी ४.६७.

सातव्या दिवशी सकाळी दहाला ४.६५ आला. अकराला काहीच आलं नाही. चिटणीसांनी हलक्या आवाजात मालवाहू यान मागे वळवायला सांगितलं.

कुलूप उघडल्यावर घरात असते त्या शांततेचा बाईंनी आयुष्यभर राग केला होता. ही शांतता मात्र त्या सात दिवस देवाकडे मागत होत्या. आकडा शेवटपर्यंत घसरला, म्हणजे दहा वाजता इब्राहिम श्वास घेत होता, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. बग्गी पोचायला अजून दोन दिवस होते. बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि रिकाम्या पडद्यासमोर बसून राहिल्या.