उतरताना लावलेलं कुंकू

मोबाइल खाली ठेवा सगळ्यांनी, म्हणजे सांगतो. आणि मधेच फिदीफिदी हसलात तर मी सरळ उठून झोपायला जाईन. चामुंडी डोंगराच्या बसवर मी सत्तावीस वर्षं तिकिटं फाडली, मला कधी काही दिसलं नाही. ही गोष्ट आपल्या गल्लीतल्या नंजुंडाची. त्यानं सांगितली तीही मान खाली घालून, आणि तो थापा मारणाऱ्यातला नव्हे.

गेल्या वर्षीचा आषाढ. गर्दीचा शेवटचा शुक्रवार उलटलेला, त्यानंतरचा बुधवार. नंजुंडाची पोरगी इंपना, सहा वर्षांची, तापानं तिच्या पायातली ताकद गेली होती. आठ महिने अंथरुणाला खिळून होती बिचारी. तिच्या आईनं, सर्वमंगळेनं, देवीला नवस बोलला होता, की पोरगी चालायला लागली तर डोंगराच्या सगळ्या पायऱ्यांना हळदकुंकू लावीन, एकही सोडणार नाही. पोरगी चालायला लागली. आता नवस फेडायचा होता.

"हजार पायऱ्या वाकत वाकत चढायच्या म्हणजे सगळा दिवस त्यातच," नंजुंडा म्हणाला. "पोरीला महिषासुराचा पुतळा बघायचाय, दुर्बिणीतून शहर बघायचंय. बसनं वर जाऊ, मजेत फिरू, आणि उतरताना लाव की निवांत. पायऱ्या त्याच, कुंकू तेच."

"चढताना लावायचं असतं हो ते."

"देवी काय वरून बघत बसलीय होय?"

गेले बसनं. दर्शन झालं, महिषासुरापुढे फोटो झाले, पोरीनं चुरमुरी खाल्ली, वर तिखटमीठ लावलेली कैरी मागितली. उतरायला निघेपर्यंत पाच वाजले. पायऱ्यांच्या तोंडाशी एक म्हातारी फुलं विकत बसली होती. तिनं सर्वमंगळेच्या हातातला करंडा बघितला.

"बाई, उतरताना नको लावू. चढताना लावलं की आपण देवीकडे जातो. उतरताना लावलं की वरून कुणीतरी आपल्या मागं येतं. आणि येणारी दर वेळी देवीच असते असं नाही."

नंजुंडा हसला. "येऊ दे की अज्जी. घरी नेऊन चहा पाजू तिला."

म्हातारी फुलं झाकायला लागली.

सर्वमंगळा वाकायची, दोन बोटं टेकवायची, की पुढची पायरी. तिच्यामागं इंपना, शेवटी पिशवी घेऊन नंजुंडा. वाटेतल्या मोठ्या दगडी नंदीपर्यंत सगळं ठीक होतं. पोरीनं नंदीला प्रदक्षिणा घातली, हा उठत का नाही म्हणून बापाला भंडावलं. नंदी मागं पडला आणि हळूहळू माणसंही संपली.

पावणेसात झाले. उजेड विटला. इंपना थांबली, मागं बघून म्हणाली, "अप्पा, तिला कडेवर घ्या ना. दमलीय ती."

"कोण गं?"

पोरीनं वरच्या पायरीकडे बोट दाखवलं.

नंजुंडानं वळून बघितलं. पायऱ्या रिकाम्या. पण वरच्या पायरीवरचं कुंकू फरफटलं होतं. तिच्या वरचंही. त्याच्याही वरचं... पाय पडल्यासारखं. लहानसा पाय. हे तिघं तर कुंकू चुकवूनच उतरत होते.

"मंगळा, थांब. पुरे आता."

"साठेक राहिल्यात हो. एक जरी सुटली तर पोरीचे पाय..."

ती लावत राहिली. नंजुंडाला अडवायचं होतं. पण आठ महिने त्यानंच त्या पोरीला उचलून न्हाणीघरात नेलं होतं. त्याची छाती होईना.

शेवटच्या पायरीशी मात्र त्यानं करंडा हिसकावला आणि झुडपात फेकला. ती एक पायरी कोरी राहिली; कुंकवाची वाट तिथंच तुटली.

मागं... काहीतरी थांबलं. चालणं ऐकू आलं नव्हतं. थांबणं आलं.

पोरीला उचललं. रिक्षा गाठली. मागं बघितलं नाही. घरी इंपना स्वतःच्या पायांनी चालत आत गेली, तेव्हा नंजुंडाला वाटलं, सुटलो एकदाचे.

सकाळी दूधवाला आला म्हणून तो दार उघडायला गेला.

आपल्याकडे उंबऱ्याला रोज हळदकुंकू लागतं. सर्वमंगळेनंही बुधवारी निघण्याआधी लावलं होतं. रोजच्यासारखं. उंबरा म्हणजेही एक पायरीच, हे रात्री कुणाच्या ध्यानातच आलं नाही...

उंबऱ्यावरचं कुंकू फरफटलं होतं. आतल्या फरशीवर एक पाऊल उमटलेलं. लाल. पाच बोटं.

त्यानं झोपलेल्या इंपनाचे तळवे बघितले. स्वच्छ होते. आणि ते पाऊल तिच्या पावलाच्या निम्मंही नव्हतं.

आत वळलेलं होतं. बाहेर जाणारं त्यानं सगळीकडे शोधलं...

नव्हतं.