माझी शेवटची ओळ कुणी खाल्ली?

समुद्रतळावरच्या आमच्या वसाहतीत दर सोमवारी शाळेचं भित्तिपत्रक लागतं. मी, सहावीतली शर्वाणी सामंत, संगणकावर चित्र काढून त्यावर मजकूर लिहिते. शाळेचा यंत्रमानव टिकोजी ते भिंतीवरच्या पडद्यावर लावतो. या सोमवारी बघते तर मधल्या ओळी कुठेही तुटलेल्या आणि शेवटची ओळ गायब! ‘लेखन व चित्र : शर्वाणी सामंत’ हीच नेमकी.

मी जात्याच संशयी. टिकोजीला पकडलं.

“मी फक्त अक्षरं मोठी केली, ताई,” तो म्हणाला. “पहिलीच्या मुलांना दिसत नव्हती.”

काय पण सबब! मी देखभाल कक्षाकडे तक्रार ठोकली. उत्तर आलं, दुपारी दोनला टिकोजीची स्मृती पुसून टाकू. ते वाचून मी जरा चरकले. पण चोर तो चोरच.

जेवायला घरी आल्यावर आबांना, म्हणजे आईच्या बाबांना, हे ऐटीत सांगितलं. आबांनी जन्मभर यंत्रमानवांना वाचायला शिकवलंय.

“त्याने लावलेलं चित्र उघड बघू,” ते म्हणाले.

मजकुरावर टिचकी मारताच भोवती बारीक रेघांचा चौकोन उमटला.

“ही परिच्छेद-चौकट (मजकुराला नेमून दिलेली जागा). कड आली की पुढचा शब्द आपोआप खालच्या ओळीत जातो. आता सांग, डबा तोच ठेवून पोळ्या जाड केल्या तर?”

“शेवटची पोळी मावणार नाही.”

“तुझी ओळही मावली नाही. पुसली नाही गेली, दडलीय. कोपऱ्यातलं हे अधिकचं चिन्ह तेच सांगतंय.” आबांनी चौकटीची खालची कड ओढली. माझं नाव हजर!

“आणि तुटलेल्या ओळी?” मी हट्ट सोडेना.

“शीर्षकाआधी चौदा मोकळ्या जागा कुणी सोडल्या? आणि प्रत्येक ओळीशेवटी एंटर?”

मीच. वहीत आम्ही बोटांनी जागा मोजूनच शीर्षक मधोमध आणतो.

“वहीतली अक्षरं नंतर वाढत नाहीत, बाळा. संगणकात ती वाढली की ओळ कडेला एकदा मोडते आणि तुझ्या एंटरपाशी पुन्हा. इथे संरेखन (ओळींच्या कडा कशा जुळवायच्या याची आज्ञा) वापरायचं. शीर्षक मध्यावर, मजकूर डाव्या कडेला. दोन्ही कडा सरळ हव्या असल्या तर तीही आज्ञा आहे, पण अरुंद चौकटीत शब्दांमध्ये खिंडारं पडतात. ओळी मात्र संगणकालाच मोडू द्यायच्या.”

मला रडूच आलं. टिकोजी खरं बोलत होता आणि दोनला दहाच मिनिटं उरली होती.

तक्रार मागे घ्यायचा अर्ज म्हणजे एक चित्रच होतं, मध्ये मजकुराची चौकट. मी भराभरा लिहिलं. पोळ्या, डबा, चौदा मोकळ्या जागा, माझी चूक, सगळं. पाठवायला बोट उचललं आणि थबकले. कोपऱ्यात अधिकचं चिन्ह!

कड खाली ओढली. दडलेली ओळ वर आली : ‘म्हणून टिकोजीची स्मृती पुसू नका.’

हीच ओळ त्यांना दिसली नसती! लगेच अर्ज पाठवला.

दोन वाजून गेल्यावर मी शाळेत पळाले. टिकोजी दाराशीच होता. मला ओळखेल ना?

“ताई,” तो म्हणाला, “पुढच्या सोमवारी अक्षरं आणखी थोडी मोठी करू?”

“खुशाल कर,” मी म्हटलं. “चौकट मी ओढते.”