ओला पंचा

"आलेख पिंपाचा आहे, ताई, माणसाचा नाही. अधूनमधून फोन करत जा," असं यीस्टवर संशोधन करणाऱ्या डॉ. पोंक्षेंनी बजावलं, तेव्हा ऋजुताने कडेवरच्या शर्वीला सावरत नुसतीच मान डोलावली होती.

फोन केला की अप्पा वैतागायचे. "जिवंत आहे की नाही, तेच बघतेस ना गं?" तिचे वडील नाशिकला एकटे राहत. घरगुती बिअरला परवानगी मिळाल्यापासून त्यांनी मागच्या खोलीत पिंप मांडलं होतं. यीस्ट साखर खातं तेव्हा ऊब सोडतं; ऊब जास्त झाली की बिअरला औषधासारखा वास मारतो. म्हणून अप्पा सकाळ-संध्याकाळ पिंपाला ओला पंचा गुंडाळायचे. पिंपातल्या तापमापकाचा आलेख पुण्यात ऋजुताच्या मोबाइलवर दिसे. रेघ उतरली, म्हणजे अप्पा उठले, पंचा भिजवला, बरे आहेत. वाद नाही, काही नाही.

पिंपात पोंक्षेंच्या प्रयोगशाळेतलं 'तालयीस्ट' होतं. रोज ठरल्या वेळी गारवा मिळाला, की ते ती वेळ शिकायचं आणि पुढे गारव्याआधीच आपणहून मंदावायचं. अप्पा काटकसरी, तळाचा गाळ राखून तोच पुढच्या खेपेला घालायचे. पिढ्यान्‌पिढ्या त्या यीस्टला त्यांचा हात पाठ झाला होता.

जानेवारीत शर्वीचं जावळ ठरलं. अप्पा फोन उचलेनात. ऋजुताने आलेख पाहिला. रेघ नुकतीच उतरली होती.

"रुसलाय म्हातारा," ती नवऱ्याला म्हणाली. "पिंपाला वेळ आहे, नातीला नाही!"

दुसऱ्या दिवशीही रेघ उतरली. तिसऱ्याही. मग मात्र तिला राहवेना. शर्वीला घेऊन ती नाशिकला गेली, शेजाऱ्यांकडून कडी तोडवली.

अप्पा पिंपाशी पडले होते. हातातला पंचा वाळून कडक झाला होता.

पडल्यावर ते लगेच गेले नव्हते, तपासायला आलेले डॉक्टर म्हणाले.

"पंचा नव्हता, मग रेघ कशी उतरली?" तिने पोंक्षेंना विचारलं.

"थंडीचे दिवस, खोली गार. यीस्ट वेळेवर मंदावलं, ऊब थांबली, पिंप निवलं." ते अडखळले. "त्याच्या लेखी अप्पा येणारच होते."

"माझ्याही."

पिंप रिकामं करायला तिचा हात धजेना. साखर संपेपर्यंत रेघ उतरत राहिली, आणि सगळं ठाऊक असूनही, प्रत्येक वेळी तिचा जीव क्षणभर भांड्यात पडे. याचीच तिला धास्ती वाटे.

तालयीस्ट वापरणाऱ्या प्रत्येक घरी तिने निरोप धाडला. तुमच्या घरी पिंप नसेलही, पण हे वाचताय तर तिचं एवढं ऐका: ज्याचा दिवा, ठिपका किंवा रेघ बघून तुम्ही निर्धास्त आहात, त्याचं दार आज वाजवा. आतून आवाज येईपर्यंत वाजवा.