घामाचं लुगडं

“आये, पाहुण्यांसमोर यायच्या आधी हे काखेत लाव!”

रितेशने छोटीशी बाटली पुढे केली आणि राहीबाईच्या काळजात चर्र झालं. पोलादपूरच्या डोंगरावरल्या त्या वाडीत नवऱ्यामागे म्हशी राखून तिने या एकुलत्या लेकाला शिकवलं होतं. आज त्याच्याच सांगण्यावरून तिने भर दुपारी अंघोळ केली, घामेजलेलं लुगडं दोरीवर टाकलं, कोरी साडी नेसली... आणि तरी लेकाचं नाक मुरडलेलंच!

“यानं काय होतंय?”

“घामाला मुळात वास नसतो गो. कातडीवरचे जंतू त्यावर पोसतात, म्हणून वास येतो. यातल्या क्षाराने घामाची छिद्रं काही वेळ बुजतात. घाम कमी, की वास कमी. महाडला कंपनीत आम्ही सगळेच लावतो.”

“म्हंजे खोड जंतूंची! मग नाक त्यांच्यावरच मुरड की!”

“चेष्टा पुरे, आये! निशिगंधा आईवडिलांना घेऊन घर बघायला येतेय. आमचं ठरलेलं लग्न मोडलं तर? लावायचं नसेल, तर ते जाईपर्यंत मागच्या पडवीत बस.”

ज्या कुशीत हा तापाने फणफणून निजला, त्याच कुशीची आज त्याला लाज! राहीबाईचे डोळे भरून आले, पण मान काही वाकली नाही.

“बसते! पण मग मला कशालाच हाक मारायची नाय. चांदी म्हशीची धारपण तूच काढ!”

पाहुणे आले. सकाळचं दूध केव्हाच खाली डेअरीत गेलेलं, चहाला थेंब नव्हता. रितेश चरवी घेऊन गोठ्यात बसला, तशी चांदीने लाथेसरशी चरवी उडवली. रेडकू सोडलं तरी तिने पान्हा चोरला. पडवीतून राहीबाईला सगळं दिसत होतं. पाय शिवशिवत होते, पण ती उठली नाही.

शेजारची बनुबाई कुंपणापलीकडून ओरडली, “अरे, आयेचं लुगडं गुंडाळ की! ती गावाला गेली का मी तेच नेसून बसते. तिच्या वासाबिगर ही म्हस कोनाला वळखत नाय!”

पाहुणे ओटीवरून बघत होते. लाल झालेल्या तोंडाने रितेशने दोरीवरचं लुगडं ओढलं, पॅंटवरूनच गुंडाळलं, पदर डोक्यावर घेतला. चांदीने तो पदर हुंगला, हुंगतच राहिली... आणि चरवीत धारा वाजू लागल्या! राहीबाई पाहते तर लेकाचे खांदे गदगदत होते. त्या पदरात तोंड खुपसून तो लहान पोरासारखा रडत होता!

सर्वांदेखत तो पडवीत आला. “आये, चुकलो गो! चल, पुढे येऊन बस.”

“आदी माझं लुगडं दे.”

कोऱ्या साडीवरूनच तिने ते खांद्यावर घेतलं आणि ताठ मानेने ओटीवर आली. रितेशने दिलेली बाटली तिने कमरेची काढून निशिगंधाच्या हातात ठेवली. “ह्यानं माझ्या काखेसाठी आणलेली. मला नको.”

निशिगंधा हळूच म्हणाली, “आई, मी लावते हे. बसच्या गर्दीत बरं वाटतं.”

“खुशाल लाव गो! तुझी काख, तुझी मर्जी. माझ्या काखेचं मी बघीन!”

एवढं बोलून राहीबाई होणाऱ्या विहीणबाईंच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून बसली.