ढमाबाईला ऐकू कुठून येतं?

पाणघोडा पाण्याखाली झोपतो, तर मग बुडत कसा नाही?

त्या संध्याकाळी अप्पांनी चहा बशीत ओतता ओतता हे कोडं घातलं, आणि सात वर्षांच्या रेवाच्या हातातली खारी चहातच बुडाली.

"त्याला पोहता येत असेल," ती म्हणाली.

"छे! तो पोहतच नाही मुळी. एवढं जड धूड ते, तळाशी जातं आणि तळावरून चालतं. मनात आलं तर धावतंसुद्धा."

"मग श्वास कधी घेतो?"

"झोपेतच वर येतो, नाकपुड्या उघडतो, श्वास घेतो आणि परत खाली. जाग म्हणून येत नाही. तू झोपेत कूस बदलतेस, ती तुला कळते का? ही प्रतिक्षिप्त क्रिया (शरीर आपणहून करतं ती हालचाल). आणि त्याच्या अंगातून लाल पाणी झिरपतं, माहीत आहे? लोक घाबरतात, रक्त म्हणून. ते रक्त नव्हे आणि घामही नव्हे. उन्हापासून कातडी राखणारं, जंतूंना अडवणारं त्याचं घरचं मलम आहे ते! सुनू, ऐकतेस ना?"

सुनेत्रा, म्हणजे रेवाची आई आणि अप्पांची लेक, खिडकीशी पुस्तक घेऊन बसली होती. तिने पान उलटलं.

"बघ," अप्पा नातीला म्हणाले, "तुझी आईही पाणघोडीच. वर नुसते डोळे, बाकी सगळी पुस्तकात बुडालेली."

मग टोपी चढवून ते विनाचालक बसने प्राणी-उद्यानात गेले. तिथे त्यांनी जन्मभर जनावरांची डॉक्टरकी केली होती. निवृत्त झाले तरी रोज संध्याकाळी ढमाबाई या म्हाताऱ्या पाणघोडीला जेवायला हाक मारायचं काम त्यांनी स्वतःकडेच ठेवलं होतं. ढमाबाई आणि सुनेत्रा जवळजवळ एकाच वयाच्या. "माझ्या दोन मुली," अप्पा म्हणायचे, "एक बोलते, एक वाचते."

ते परतले, दूधभाकरी जेवले आणि झोपले. सकाळी उठलेच नाहीत.

दिवसकार्य झालं आणि उद्यानातून डॉक्टर तडवींचा फोन आला. सुनेत्रा रेवाला घेऊन तळ्यावर गेली. तळ्यावर आता सौरपत्र्यांची सावली होती आणि पाण्यात डुबक्या होता. डुबक्या म्हणजे दुधीभोपळ्याएवढा यंत्रमानव. पाण्यातले आवाज टिपायला अप्पांनीच तो बनवला होता आणि बोलायलाही त्यांनीच शिकवलं होतं.

"या, सुनूताई," डुबक्या डोकं वर काढून म्हणाला. "ढमाबाई रुसल्या आहेत. श्वासापुरत्या वर येतात आणि परत तळाशी. गवताला शिवत नाहीत."

"ताई, उद्या सकाळी तळं उपसून तिला भूल द्यावी लागणार," डॉक्टर तडवी हलक्या आवाजात म्हणाल्या. "पाणघोड्याला भूल देणं तसंही जोखमीचं, त्यात तिचं हे वय. ती पुन्हा उठेलच असं मी सांगू शकत नाही. आजची संध्याकाळ काय ती आपल्या हातात आहे."

रेवाने कर्णा घेतला आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "ढमाबाई! जेवायला चला!"

झाडावरचे बगळे उडाले. पाणी हललं नाही. तेवढ्यात डुबक्या वर आला. "कोणी काही बोललं का?"

"एवढी ओरडले मी! तुला ऐकू नाही आलं?"

"काठावरचा आवाज पाण्यात शिरत नाही, रेवाबाई. पाण्यावर आपटतो आणि बहुतेक सगळा मागे फिरतो, भिंतीवरून चेंडू परततो तसा. याला परावर्तन म्हणायचं."

रेवाने कपाळाला आठ्या घातल्या. "मग आजोबांची हाक कशी पोचायची?"

"ती मलाही ऐकू यायची. त्या खांबाकडून."

सुनेत्राने वळून पाहिलं. कठड्याचा एक लोखंडी खांब पाण्यात उतरला होता. त्याच्या वरच्या आडव्या गजावरचा रंग एकाच जागी घासून गेला होता. अप्पा तिथे हनुवटी टेकून उभे राहायचे. तिला वाटायचं, दमतात बिचारे.

रेवा पालथी पडून पाण्यात डोकावत होती. "आई, खांबाला खाली परात ठोकली आहे!"

परातीच्या काठावर कोरलेलं नाव पाण्यातूनही वाचता येत होतं. सुनेत्राच्या आईची, लग्नातली पितळी परात. ती हरवली म्हणून घरात केवढं रामायण झालं होतं, आणि अप्पा तेव्हा अगदी गरीब चेहरा करून माळ्यावर शोधत होते! कितीतरी दिवसांनी सुनेत्राला हसू आलं.

"हाडातून आणि लोखंडातून आवाज छान जातो," ती म्हणाली. "हनुवटीतून गजात, गजातून परातीत. परात थरथरली की पाणी थरथरतं. ढोलाचं कातडं असतं ना, तसं."

"पण पाण्यात ती कान मिटून घेते ना?"

"घेते. मग आवाज तिच्या जबड्याच्या हाडातून आत पोचतो. आणि ती स्वतः अर्धी बुडून हुंकारते तेव्हा आवाज नाकातून हवेत जातो आणि गळ्याच्या चरबीतून पाण्यात. एकच हाक, दोन्हीकडे. देवमाशाची ती लांबची बहीण, म्हणून..."

"आई, तुला हे सगळं कसं माहीत?"

सुनेत्राने गजावरच्या त्या घासलेल्या जागेवरून बोट फिरवलं.

"माझ्याकडे अप्पांचा आवाज साठवलेला आहे," डुबक्या म्हणाला. "खांबाला चिकटून वाजवू?"

"नको. ती वर येईल आणि अप्पा दिसायचे नाहीत. मग ती पुन्हा कुणाच्याच हाकेला यायची नाही."

तिने गजावर हनुवटी टेकली. लोखंड गार होतं. "ढमे," ती म्हणाली. दात झिणझिणले. "चल गं बाई, जेवायला चल."

पाणी तसंच.

"पुन्हा," डुबक्या खालून वर येत म्हणाला. "शेपटी हलली."

"ढमे, सुनू आले आहे. चल."

बुडबुडे आले. मग दोन कान, फटकन झटकलेले, मग डोळे. ढमाबाईने सुनेत्राकडे बराच वेळ पाहिलं आणि हुंकार दिला. तो सुनेत्राला कानांनीही ऐकू आला आणि हनुवटीतूनही. मग ती म्हातारी पायऱ्या चढून वर आली, पाणी निथळत गवताच्या ढिगाशी गेली आणि पहिला घास घेतला. डॉक्टर तडवींनी चष्मा काढून पुसला.

"आई, खूप मोठी परात केली तर देवमाशाशी बोलता येईल?"

"बघ करून. तू मोठी होशील तोवर येईलही."

"आधी उद्या इथे मी हाक मारणार!" म्हणत रेवा गवताकडे धावली.

सुनेत्रा कठड्यापाशीच थांबली. रंग गेलेल्या त्या जागी तिने पुन्हा हनुवटी टेकली. खाली परात होती, तिच्याखाली तळ्याचं सगळं पाणी.

"अप्पा," ती म्हणाली, "मी ऐकत होते. पान उलटायचे, तेव्हाही ऐकत होते."