माहेरचा साबण

दोराची होडी कालव्याच्या अगदी मधोमध अडली, आणि रबाबला पहिला संशय तिथेच आला. ती आपल्या कफ्र तूत गावाच्या काठाकडे जीव खाऊन दोर ओढत होती आणि होडी काही हलेना. मागे वळून पाहते तर काय... एक शहरी माणूस बाह्या दुमडून तोच दोर मोठ्या उत्साहाने उलटा ओढतोय!

“अहो, मदत करताय की वैर काढताय?”

“मदतच...” तो चपापला. “उलटं होतंय का?”

“बघा की! काठ कुठे आणि तुमचं तोंड कुठे!”

तो हसला. कपाळावर कालव्याचं पाणी उडालं होतं, ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. रबाबने नजर झटकन वळवली. इतकं गोड हसणारा माणूस एक तर काहीतरी विकायला आलेला असतो, नाहीतर काहीतरी बंद करायला.

“कुणाकडे जायचंय?”

“रबाब म्हणून कुणी बाई आहेत. फिरत्या आरोग्यसेविकांच्या प्रमुख. त्यांच्या कामाची पाहणी करायला मन्सूरा शहरातून आलोय. डॉक्टर हातिम.”

“जपून हं. फार तिखट बाई आहे म्हणतात.”

“असं? आणि दिसायला?”

“ते काठाला लागल्यावर तुमचं तुम्ही ठरवा,” ती म्हणाली आणि तिने दोराला असा हिसका दिला की स्वारी मटकन खाली बसली.

म्हणजे हा बंद करायलाच आला होता तर! रबाबच्या बायका दारोदार जाऊन आयांना हात धुवायला शिकवायच्या, जुलाब लागलेल्या बाळाला साखर-मिठाचं पाणी कसं पाजायचं ते दाखवायच्या. त्यावर जो पैसा जातो त्याच्या बदल्यात पोरांच्या तब्येतीला खरंच काही मिळतं का, की तोच पैसा दवाखान्यावर घालावा, हे हातिम मोजणार होता. पलीकडच्या काठावर सफ्साफ नावाचं गाव होतं. तोच कालवा, तीच बरसीमच्या चाऱ्याची शेतं, तीच बदकं, फक्त फिरत्या बायका नाहीत. दोन गावांत फरक दिसला तर काम चालू राहणार. नाही दिसला तर उन्हाळ्यानंतर सगळ्या जणी घरी. रबाबची धाकटी बहीण हिंद लहानपणी अशाच एका उन्हाळ्यात जुलाबाने गेली होती. तेव्हा पाणी पाजा म्हणून सांगायला दारात कुणी आलं नव्हतं. म्हणून हे काम म्हणजे तिचा जीव की प्राण.

हातिम रोज तिच्या मागे मागे घरोघर हिंडू लागला. गल्ल्यांत संत्र्याच्या मोहराचा वास दाटलेला असे, आणि त्याच्या बुटांना चिखल.

“सगळ्या बायकांची उत्तरं एकसारखी कशी हो?” एकदा त्याने डोळे बारीक करून विचारलं. “मी यायच्या आधी पढवून ठेवता वाटतं?”

“हो तर! वर्षानुवर्षं तेच करतेय. त्यालाच आम्ही काम म्हणतो.”

तो ओठ दाबून हसला. “रागावलात?”

“मी कशाला रागावू? तुमचं मोजणं चालू द्या.”

“मोजण्यातही गंमत असते. पुढच्या वर्षी मिळणारा फायदा आम्ही आजच्यापेक्षा थोडा कमीच धरतो. माणसाला आत्ताचं सुख जास्त प्यारं असतं.”

“हो का? मग अजून लग्न कसं नाही केलंत?”

हातिमचे कान लालबुंद झाले. रबाबलाही आपण हे काय बोलून बसलो असं झालं... पण मनातून, खोटं कशाला सांगा, फार बरं वाटलं.

आणि मग एके दुपारी भट्टीपाशी रबाबची नबविया आत्या भाकऱ्या काढत असताना तो उतरल्या चेहऱ्याने आला.

“अहवाल देण्याआधी तुम्हाला सांगावंसं वाटलं. जुलाब दोन्ही गावांत सारखेच कमी झालेत. सफ्साफमध्ये तुमच्या बायका नाहीत, तरीही. त्यामुळे इथे जे झालं ते तुमच्यामुळे झालं असं म्हणता येत नाही.”

“उत्तर खिशात घालूनच आला होतात, नाही का? मोजल्याचं नुसतं नाटक!”

“रबाब, मलाही हे पटत नाहीये...”

“चला, निघा!”

तो निघाला. पण दर गुरुवारी सफ्साफला जातच राहिला. आत्याने कुठून कुठून बातम्या आणल्या. “काम संपलंय ना त्याचं? मग तिथे काय करतो? घरोघरच्या सुनांना, त्यांच्या माहेरच्यांबद्दल विचारतो म्हणे. अगं, मुलगी बघतोय मेला!”

त्याला रंगेहाथ पकडायचंच, असं ठरवून पुढच्याच गुरुवारी रबाब सफ्साफला गेली. हे सगळं फक्त कामासाठी हं, असं तिने स्वतःला वाटभर बजावलं.

पहिल्याच अंगणात हातिम चटईवर बसलेला, भोवती बायकांचं हसणं-खिदळणं. पण रबाबची नजर गेली ती नळाकडे. नळाला जुना मोजा टांगलेला, आणि मोज्यात साबण! खाली ठेवला की साबण बदकं तरी पळवतात नाहीतर मोरीत जातो, म्हणून ही युक्ती तिची, स्वतः काढलेली. शेजारच्या अंगणात पाहिलं, तिथेही मोजा. त्याच्या पलीकडेही!

“चोर!” ती हातिमवर कडाडली. “माझं काम उचलून इथे आणलंत आणि वर फरक नाही म्हणता?”

“रबाबताई, त्यांना कशाला बोलतेस?” घरातून पीठ लागल्या हातांनी सबरीन बाहेर आली. कफ्र तूतचीच पोर, तीन वर्षांपूर्वी या घरात दिलेली. “मी आणलं. रुखवताच्या गाडीत, भांड्यांबरोबर. सासू आधी खूप हसली, म्हणे सुनेने मोजे आणलेत! मग नातवाचं पोट सुधारलं तशी गल्लीभर सांगत सुटली. साखर-मिठाचं पाणीही तुझंच की गं!”

हातिम उठून उभा राहिला. “गेले तीन गुरुवार मी हेच विचारत फिरतोय. माहेर कुठलं? जवळजवळ प्रत्येक घरात एक तरी सून कफ्र तूतची! तुमच्या मुली इकडे देतात हे मला कुणी सांगितलंच नाही.”

“आधी विचारलं होतंत का कुणाला?”

“नाही. माझंच चुकलं. तुमच्या कामाचा फायदा मी तुमच्याच विरुद्ध मोजला.”

रबाबला हसू की रडू ते कळेना. डोळे भरून आले आणि त्याच क्षणी मनात पाल चुकचुकली.

“आता माझ्या बाजूने लिहाल. खरं आहे म्हणून... की माझ्यासाठी?”

“तुम्हाला हा संशय आला, तर आरोग्यखात्यालाही येईल,” एवढंच तो म्हणाला आणि सरळ निघून गेला.

बरसीम कापून झाली, कापसाची पेरणी झाली, तरी त्याचा पत्ता नाही. आला नाही, निरोप नाही. त्याच्याऐवजी डॉक्टर सौसन नावाची एक बाई आली. चेहरा असा की बदकांनीही वाट सोडावी. दोन्ही गावांतलं घर न् घर तिने नव्याने तपासलं. कुणाचं कौतुक नाही, कुणाला एक गोड शब्द नाही. रबाबने मनाशी ठरवून टाकलं की हातिम घाबरून पळाला. रात्ररात्र त्याला शिव्या घालण्यात गेली, आणि प्रत्येक शिवीमागे एक हुंदका.

मग एका सकाळी अंगणात पावलं वाजली.

“काम चालू राहणार,” हातिम दारातूनच म्हणाला. “सौसनबाईंचंही उत्तर तेच आलं. दोन्ही गावांची पोरं तुमच्याच खाती धरलीत. आता सफ्साफलाही तुमच्या बायका नेमणार आहेत.”

रबाबने दाराची चौकट घट्ट धरली. “आणि तुम्ही कुठे होतात इतके दिवस?”

“त्याच दिवशी मी खात्याला सांगितलं की हे काम माझ्याकडून काढून घ्या. दुसऱ्या कुणाला, कडकातल्या कडक माणसाला द्या.”

“का?”

“कारण ज्या बाईच्या कामाचं मोल काढायचं, तिच्यावर माझा जीव जडलाय. मी लिहिलेल्यावर मग कुणी विश्वास ठेवला असता? निकाल लागेपर्यंत तुम्हाला तोंडही दाखवायचं नव्हतं. काल लागला... आज आलो.”

आत भट्टीपाशी आत्याच्या हातातली भाकरी काढायची फळी दाणकन पडली. रबाब रडत होती, आणि हसतही होती.

“माझा अजून तुमच्यावर भरवसा नाही,” ती डोळे पुसत म्हणाली. “शुक्रवारी आईला घेऊन या. तिलाच विचारते, मुलगा कसा आहे ते.”