बॉस्कोचं नाक

ही गोष्ट घडलेली आहे. पटत नसेल तर सोडून द्या, पण थट्टा करू नका, कारण ज्याच्यावर बेतली तो माणूस उत्तनला अजून जिवंत आहे.

आणि रात्रीची वगैरे नाही हां. टळटळीत दुपार होती. २०२० चा मे महिना, लॉकडाऊन, पेणकरपाड्याच्या मागच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.

तिथे एका हॉटेलात बिअर बनायची. मालक जितेशभाई. बिअर बनवणारा उत्तनचा बॉस्को, आणि टाक्या धुणारा रत्नागिरीचा धाकू. गावाला जायची वाट बंद झाली म्हणून धाकू हॉटेलातच राहायचा.

बॉस्कोला आपल्या नाकाचा भारी तोरा. बिअर कुठवर आंबली ते तो नुसत्या वासावर सांगायचा.

हॉटेल बंद, गिऱ्हाईक नाही, टाक्या मात्र काठोकाठ भरलेल्या. बिअर खराब व्हायला लागली. शेवटी जितेशभाईंचा फोन आला.

"बॉस्को, सब गटर में छोड दे. टाक्या धुऊन ठेव."

तिकडे शांती नगरात दारूचं दुकान उघडलं म्हणून माणसं उन्हात रांगा लावून उभी होती. इकडे बॉस्को आपल्या हातची बिअर गटारात सोडत होता. फेस पार रस्त्यापर्यंत आला. बॉस्कोला रडू फुटलं.

आता एक गोष्ट समजून घ्या. बिअर काढली तरी टाकीत गॅस उरतो. दिसत नाही, तळाशी बसून राहतो. त्यात माणूस उतरला की दोन श्वासांत खेळ खलास. म्हणून आधी दोरीला मेणबत्ती बांधून आत सोडायची. विझली तर उतरायचं नाही.

धाकूने मेणबत्ती आणली होती.

बॉस्को हसला. "माजं नाक असताना मेणबत्ती कशाला रं?"

गॅस असला की नाकात सुईसारखं टोचतं. बॉस्कोने झाकण उघडलं, तोंड आत घातलं, खोल श्वास घेतला.

काहीच टोचलं नाही.

शिडीवरून धाकूने विचारलं, "बॉस्को, गॅस नाय ना?"

"काय न्हाय. जा आत."

धाकू उतरला.

मग... धप्प.

एकच आवाज. हाक नाही, ओरडणं नाही.

बॉस्कोने ती मेणबत्ती पेटवून आत सोडली. टाकीच्या तोंडापासून हातभर खाली जाताच ती विझली.

जितेशभाई आले. पोलीस आले तर लायसन जाणार, हे त्यांना आधी सुचलं.

"उसको बुखार था. कोरोना. सबको यही बोलना, समझा?"

कोरोना म्हटल्यावर जवळ कोण येणार? धाकूला प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेलं. गावाला त्याच्या बायकोला, सुलूला, फोन करायचं काम बॉस्कोच्या गळ्यात पडलं.

ती रडत रडत म्हणाली, "भावजी, शेवटचं काय बोलले हो ते?"

"तुजंच नाव घेतलान," बॉस्को म्हणाला.

त्या संध्याकाळी घरी त्याची बायको टेरेझा स्वयंपाकघरात धावत आली. तव्यावर सुके बोंबील जळून कोळसा झाले होते. घरभर धूर. बॉस्को तव्याशेजारीच बसला होता.

"वास न्हाय आला तुला?"

नव्हता आला. जळक्याचा नाही, धुराचा नाही, कशाचाच नाही. चार दिवसांनी टेस्ट झाली. कोरोना बॉस्कोला होता.

काही महिन्यांनी हॉटेल उघडलं. त्याच टाकीत बिअर बनली आणि गिऱ्हाइकांना ती एवढी आवडली की त्यांचं कौतुक संपेना. जितेशभाई खूश. "ये टंकी लकी है रे!"

टाकीची नळी पाण्याच्या बादलीत सोडलेली असते. आत बिअर आंबत असली की बादलीत बुडबुडे येतात. एका दुपारी बॉस्को एकटाच होता. ती टाकी रिकामी होती. धुऊन, वाळवून ठेवलेली.

तरी बादलीत...

बुड... बुड...

सावकाश. थांबून थांबून. माणूस झोपेत श्वास घेतो तसं.

बॉस्कोने नळी उपसून काढली. बुडबुडे थांबले. मग शिडी करकरली. शिडीवर कोणी नव्हतं.

"बॉस्को... गॅस नाय ना?"

बॉस्को जिवाच्या आकांताने ओरडला, "हाय! गॅस हाय! उतरू नको, धाकू!"

मग टाकीत... धप्प.

त्याच दिवशी त्याने नोकरी सोडली. पण सोडून काय होतंय? आता उत्तनच्या घरात, जेवून आडवा झाला की न्हाणीघराकडून तो प्रश्न येतो. रोज. बॉस्को रोज ओरडून सांगतो, उतरू नको. रोज धप्प होतं. नाक काही परत आलं नाही. टेरेझाची मच्छीची कढी त्याला कोमट पाण्यासारखी लागते.

हे सगळं त्याने परवा पहिल्यांदा टेरेझाला सांगितलं. म्हणाला, "रोज एवढा वरडतंय मी, तुला झोप तरी कशी लागते?"

टेरेझाने गळ्यातला क्रूस मुठीत घट्ट धरला.

"तू कधीच वरडत न्हाय," ती म्हणाली. "धप्प बी मी कधी आयकलं न्हाय. तू झोपेत हसतंस. आन् एकच बोलतंस..."

"काय?"

"काय न्हाय. जा आत."